ग्लायसीनला कुणी अडवत नाही

प्रथिनाच्या साखळीत कुणालाही मनाला येईल तसं वळता येत नाही. शेजारच्या अणूला धक्का लागतो. कुठल्या कोनात वळायची मुभा आणि कुठं मज्जाव, हे मद्रास विद्यापीठातल्या रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी 1963 मध्ये एका चौकोनी आलेखात मांडलं. चौकोनाचा बहुतेक भाग मज्जावाचाच. अपवाद ग्लायसीनचा. त्याला बाजूची साखळी अशी नाहीच, नुसता एक हायड्रोजन. त्यामुळे इतरांना वर्ज्य असलेल्या कोनातही तो खुशाल वळतो. सोयऱ्याधायऱ्यांच्या राजकारणात मुरलेल्या नगर जिल्ह्याला हे वेगळं समजावायला नको. निवडणूक जाहीर झाली की कुठल्याच विचाराला धक्का न लावता वळणारे ग्लायसीन आपल्याकडे तालुक्याला दोन-चार सापडतात.

तर हा ‘रामचंद्रन प्लॉट’ आपल्या एमएस्सीच्या पोरांना तोंडपाठ असतो. परवा एका कॉलेजातली जर्नल्स चाळायला मिळाली. आलेख देखणा, पट्टीनं आखलेला, दोन रंगांत, खाली तपासल्याची सही. पुढच्या जर्नलमध्येही तोच आलेख, चुकलेली रेघही त्याच जागी. विचारलं, ज्यावरून हे कोन कळतात तो प्रथिनाचा स्फटिक कधी पाहिलाय का? उत्तर आलं, “नाही सर, तो पुण्याला असतो.”

पुण्याला असतो, कबूल. पण पुण्याचं विद्यापीठ आपलंही आहे की! पुणे, नाशिक आणि नगर (आता अहिल्यानगर), तिन्ही जिल्ह्यांची पोरं त्यालाच परीक्षा फी भरतात. त्याच विद्यापीठात अशोक कोळसकरांनी बायोइन्फर्मेटिक्स सेंटर उभं केलं. कोळसकर खुद्द रामचंद्रन यांच्या तालमीतले, पुढे ते कुलगुरूही झाले. प्रथिनाच्या कुठल्या तुकड्याला अँटिबॉडी चिकटेल याचा अंदाज बांधायची पद्धत त्यांनी आणि टोणगावकरांनी 1990 मध्ये काढली. लशीवर काम करणारे जगभर ती अजून वापरतात. विद्यापीठाच्याच आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. तिथले एकेकाळचे संचालक शेखर मांडे मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ, पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले. हे सगळं नगरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. वाघोलीचा ट्रॅफिक धरूनही एसटी दिवसात पोचते. आपल्या पोरांपर्यंत मात्र तिथून हॉलतिकीट आणि निकाल एवढंच येतं.

“निधी नाही,” असं कुठलेही प्राचार्य सांगतील. कमानीला असतो, नॅकची कमिटी येणार म्हटलं की कुंड्यांनाही असतो. स्फटिकाला किती लागतो? अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचं प्रथिन असतं. जगात रचना उलगडलेलं पहिलं एन्झाइम हेच; 1965 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं ते काम केलं. त्याची पूड घ्यायची, ॲसिटेट बफरमध्ये विरघळवायची आणि मिठाच्या पाण्यात मिसळून कव्हरस्लिपवर एक थेंब ठेवायचा. काच उलटी करून खारट पाण्याच्या खळग्यावर बसवायची, कडेला ग्रीस लावायचं. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं, प्रथिन दाट होत जातं आणि बहुधा दुसऱ्या दिवशीच साध्या मायक्रोस्कोपखाली पैलूदार खडे चमकतात. प्रथिनाचा की मिठाचा, अशी शंका आली तर सुईनं दाबून बघायचं. मिठाचा कट्कन फुटतो, प्रथिनाचा मऊपणे चुरडतो. त्या चुरडण्यात जे कळतं ते दोन रंगांच्या आलेखात कळत नाही.

स्फटिकावरून रचना काढायला क्ष-किरणांचं यंत्र मोठं लागतं, मान्य. इंदूरला इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांसाठी वेगळी बीमलाइन आहे, तिथं अर्ज करता येतो. पण अर्ज करायला आधी हातात स्फटिक हवा ना! सामंजस्य करार करून भागत नाही. त्यात शाल, श्रीफळ आणि फोटो एवढंच पिकतं.

आता तर नवी सबब हाताशी आली आहे. एआयनं सगळं सोडवलं, प्रथिनांच्या रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्डच्या कर्त्यांना 2024 चं नोबेलही मिळालं, मग थेंब कशाला लावायचे? अहो, अल्फाफोल्ड शिकलं कशावर? 1971 मध्ये जेमतेम सात रचनांवर सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. तिच्यातल्या बहुतेक रचना कुणीतरी असेच थेंब लावून, महिनोन्महिने वाट बघून मिळवलेल्या. ही बँक फुकट आहे, मोबाइलवरही उघडते. कर्जाचा अर्ज नाही, जामीनदार नाही, संचालक मंडळाची शिफारस नाही. जिल्ह्यातल्या लोकांना ती बँक वाटत नसेल तर त्यांचा काय दोष!

एकच अडचण दिसते, मामला अंड्याचा आहे. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचे पैसे सरकारनं 2025 च्या जानेवारीत बंद केले आणि हवं तर लोकसहभागातून द्या असं सुचवलं. तेव्हा एमएस्सीच्या पोरांनीही पावतीपुस्तक छापून घ्यावं. वर्गणीची आपल्याकडे परंपरा आहे, गणपतीला तर ती दरवर्षी निघते.