सोसायटीचं आयकर खातं

आमच्या सोसायटीत नानांना दाखवल्याशिवाय कुणी रिटर्न भरत नाही. भरता येत नाही असं नाही, धीर होत नाही. नाना पाटबंधारे खात्याच्या हिशेब शाखेतून निवृत्त झाले ते कागदोपत्री. मे सरता सरता माई टीपॉय भिंतीला सरकवतात, फॉर्म सोळाच्या फायली यायला लागतात आणि दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. नाना पैसे घेत नाहीत. बोलणी मात्र मोजून देतात. "एवढ्या एफड्या, आणि पंधरा एच भरला नाहीत? मग बँक टीडीएस कापेल नाही तर काय, ओवाळेल?"

सगळ्यांची मिळकत नानांना पाठ. तोंडातून अवाक्षर काढणार नाहीत, पण मेंटेनन्स दोनशेने वाढवायचा विषय निघाला आणि कुणी "परवडत नाही हो" म्हणालं, की नाना चष्म्याच्या वरून नुसतं बघतात. माणूस खाली बसतो. ठराव मंजूर.

ऑनलाइन रिटर्न आलं तेव्हा नानांची गादी जाणार असं वाटलं होतं. पण सरकारलाच नानांची काळजी! रिटर्न भरायचं संगणकावर, मग पोचपावती छापायची, सही करायची आणि साध्या टपालाने किंवा स्पीड पोस्टाने बंगळुरूला धाडायची. कुरिअर चालत नसे. मुदत १२० दिवस. म्हणजे कागद वाचवायला निघालेली योजना पोस्टमनच्या खांद्यावर. सही निळ्या शाईतच हवी आणि बारकोडवर घडी पडता कामा नये, यावर नाना पहारा देत.

पुढे आधारच्या ओटीपीवर काम भागू लागलं आणि २०२२ मध्ये मुदतही ३० दिवसांवर आली. तरी गर्दी हटेना. तळमजल्यावरच्या काकूंच्या आधारला मोबाइल नंबर धाकट्याचा आणि धाकटा नेमका मीटिंगमध्ये. ओटीपीची मुदत १५ मिनिटं. नाना घड्याळ समोर ठेवून बसलेले, काकू फोनवर फोन करताहेत. चौदाव्या मिनिटाला तिकडून सहा आकडे आले, ते काकूंनी "त्रेपन्न, सत्तावीस" असे जोडीजोडीने सांगितले. "सुटे सांगा, सुटे!" नाना ओरडले. तोवर वेळ संपली. "चहा टाक गं," नाना माईंना म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून.

७ जून २०२१ ला नवं पोर्टल आलं आणि आल्याआल्या आडवं झालं. अर्थमंत्र्यांनी जाहीर ट्विट केलं, ऑगस्टमध्ये पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. मुदत लांबत लांबत ३१ डिसेंबरवर गेली. देश कपाळाला हात लावून बसला होता, नानांच्या चेहऱ्यावर मात्र तेज चढलं होतं. पोर्टल पहाटे चालतं हा शोध त्यांचाच. साडेचारला त्यांच्या खिडकीत दिवा दिसे आणि आतून "झालं सबमिट!" अशी आरोळी.

त्याच वर्षाअखेर एआयएस आलं. बचत खात्यावरचं व्याज, लाभांश, शेअरची विक्री, सगळं सरकारनेच मांडलेलं. "सगळं ठाऊक आहे तर आम्हाला कशाला विचारतात?" दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं. "तुम्हाला ठाऊक आहे का ते बघायला," नाना म्हणाले, आणि त्यांनी विसरलेल्या लाभांशावर बोट ठेवलं.

आता १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा लागू झाला. त्यात असेसमेंट इयर नाही, फक्त टॅक्स इयर. कमाईचं वर्ष वेगळं आणि असेसमेंटचं वेगळं, हे नानांचं ठेवणीतलं व्याख्यान. ते बुडालं म्हणून आम्ही जरा हळहळत भेटायला गेलो. नाना पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होते.

"हे बघा. मार्चपर्यंतची कमाई, जुना कायदा, असेसमेंट इयर २०२६-२७. एप्रिलपासूनची कमाई, नवा कायदा, टॅक्स इयर २०२६-२७. आकडा एकच, वर्षं दोन! ॲडव्हान्स टॅक्स भरताना कुणी कुठलं निवडलंय, देव जाणे." त्यांनी कागदाची घडी खिशात घातली. "वरच्यांना सांगा, चलन घेऊन संध्याकाळी या. आणि बायकोचंही आणा म्हणावं, मागच्या वेळी विसरले होते."