मास्तर आधी सुटले पाहिजेत

बाल्साचं विमान करायला घेतलेला गृहस्थ सर्वांत आधी जेवणाचं टेबल बळकावतो. त्यावर आराखडा पसरतो, आराखड्यावर टाचण्यांनी काड्या रोवतो, आणि घरची पंगत जमिनीवर बसते. तक्रार केलीच तर इक्वेडोरहून आलेलं हे लाकूड सागाच्या जेमतेम पाव वजनाचं असतं, ही माहिती आमटीबरोबर वाढली जाते.

पहिला मान बहुधा टायगर मॉथचा. दुमजली पंखांचं हे डी हॅविलँड कंपनीचं विमान १९३१ मध्ये उडालं आणि ब्रिटिश वायुदलाच्या हजारो शिकाऊंनी त्यावर हात साफ केला. शिकाऊंचं विमान म्हणजे बांधायलाही सोपं, असं मात्र नाही. त्याचे पंख मागे झुकलेले आहेत. त्याचं कारण असं, की पुढच्या जागेत प्रशिक्षक बसे आणि हवाई छत्री घेऊन उडी मारायची वेळ आली तर वरच्या पंखाचे खांब त्याला आडवे येत. म्हणून पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. तोल बिघडला, तो सावरायला पंख मागे झुकवले. मास्तरांना झटकन निसटता यावं म्हणून केलेली ही सोय. तिचे कोन जुळवताना आजचा छंदिष्ट मात्र ब्लेडने बोटं कापून घेतो.

मग वजनाचा हिशोब. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ८.९४ मीटर, बाराव्या हिश्शाने केलं तर जेमतेम पाऊण मीटर. शेपटीतला अर्धा ग्रॅम वाचवायला काड्या घासायच्या, कागद पातळ निवडायचा, रंग हात आखडून लावायचा. एवढं करून विमान शेपटीवर बसतंच. मग नाकात शिशाचा गोळा कोंबायचा. या प्रकाराला शास्त्र म्हणतात.

टायगर मॉथच्या पंखांमधल्या तारांच्या जंजाळाला कंटाळलेला मराठी माणूस एचटी-२ कडे वळू शकतो. कोल्हापूरकडच्या डॉ. वि. म. घाटगे यांच्या आराखड्यावरून बंगलोरला घडलेलं हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. पंख एकमजली, तारा नाहीत. पण अंग धातूचं! बाल्सावर ताणलेल्या कागदाला पत्र्याचं सोंग वठवायला लावणं हा वेगळाच छळ.

शेवटी रिमोट हातात घेऊन मंडळी मैदानावर जातात आणि विमान बाभळीत घालतात. यात नवं काही नाही. १९३५ मध्ये टायगर मॉथच्याच घराण्यातलं ‘क्वीन बी’ रेडिओवर, वैमानिकाविना उडू लागलं होतं, तेही तोफांच्या नेमबाजीसाठी. तिथे ते पाडणाऱ्याची पाठ थोपटत.