रानडुकरांना आचारसंहिता नाही

नेपरव्हिल, इलिनॉय
१४ डिसेंबर २०२५

ती. मोठे बाबा,
 

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काहून वो बेबी, तिकडं बंदूक किराण्याच्या दुकानात भेटते म्हणतात, मग जावयानं घेतली का नाही?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मोठ्या आईने फोन हिसकावला आणि जवसाच्या चटणीत लसूण किती घालायचा यावर गाडी गेली ती गेलीच. म्हणून हे पत्र. पत्रात मध्ये कोणी बोलत नाही.

जावयाने घेतलेली नाही. पिंजऱ्यात उंदीर सापडला तर त्याला जंगलात सोडायला गाडी काढणारा माणूस, तो बंदूक काय घेणार! पण घ्यायची असती तर कशी मिळाली असती ते सांगते. आमच्या इलिनॉय राज्यात आधी राज्याच्या पोलिसांकडून एक कार्ड काढावं लागतं. फॉइड कार्ड म्हणतात, १९६८ पासूनची पद्धत आहे. फी दहा डॉलर, मुदत दहा वर्षं. मग दुकानात जायचं. तिथे कॉम्प्युटरवर तुमचं नाव घालून गुन्हाबिन्हा काही आहे का ते बघतात. पैसे भरायचे आणि ७२ तास थांबायचं. संपलं. तलाठी नाही, सातबारा नाही, ठाण्याचा अहवाल नाही, कलेक्टर कचेरीतला तो "साहेब मिटिंगमध्ये आहेत" म्हणणारा शिपाई नाही. तुमची फाइल मंजूर होईपर्यंत दोन कलेक्टर बदलून गेले होते. इथे या ७२ तासांना लोक जुलूम म्हणतात. आणि हे कडक राज्य बरं का. बाकीच्या बऱ्याच राज्यांत कार्डसुद्धा लागत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त प्लंबर राहतात. देवमाणूस. बर्फ पडला की आपल्याबरोबर आमच्याही दारातला ढकलून देतात. त्यांच्या तळघरात गोदरेजच्या कपाटाएवढी तिजोरी आहे आणि ती बंदुकांनी भरलेली आहे. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना मी सहज म्हटलं, आमच्या मोठ्या बाबांकडे तीन होत्या, सरकारने एक जमा करायला लावली. म्हातारबुवांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हापासून तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ झाला आहात. "हाऊ इज युअर अंकल" अशी चौकशी बर्फ ढकलताना होत असते.

मग त्यांना सगळं महाभारत सांगावं लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. मूळ विधेयकात तर एकच होती. खासदारांनी ओरड केली तेव्हा कुठे दोनावर तडजोड झाली. वारसाहक्काने आलेलीही त्यातच मोजायची, आणि जास्तीची वर्षभरात ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची. आपल्या वाड्यात त्यावरून काय रण पेटलं होतं ते मी व्हिडिओ कॉलवर बघितलंय. एकीकडे तुमची दुनळी, एकीकडे तीनशे पंधरा रायफल, आणि मध्ये आजोबांची भरमार. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, राहिली ती भरमार. तिच्यातून शेवटचा बार कोणी काढला ते घरात कोणालाच आठवत नाही. मोठी आई म्हणाली, तिन्ही देऊन टाका, तेवढीच माळ्यावर जागा होईल. शेवटी भरमारच गेली. आता दसऱ्याला तुम्ही तिच्या फोटोला हळदकुंकू वाहता हे ऐकून शेजारी काही वेळ बोललेच नाहीत.

आता इथलं सांगते. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या गावच्या कौन्सिलने, म्हणजे आपल्या नगर परिषदेने, ठरवलं की लष्करी धाटणीच्या रायफली गावातल्या दुकानांतून विकायच्या नाहीत. त्या बैठकीला आम्ही दोघं गेलो होतो. रात्र झाली तरी बोलणारे संपेनात. एका बाजूला लाल टीशर्ट घातलेल्या आया, दुसऱ्या बाजूला बंदूकवाले. एकेक जण माइकपाशी येतो, ठरलेली मिनिटं बोलतो, घंटी वाजली की जातो. आणि मोठे बाबा, मला एकदम वाटलं, मी आपल्या ओसरीवर बसले आहे! "बंदी घालून काही होत नाही. ज्याला करायचं तो करतोच. कायदा पाळणाऱ्या सरळ माणसाचीच फक्त गैरसोय होते. धंदा चोरट्यांच्या हाती जातो. सरकारचा महसूल बुडतो." शब्द न् शब्द तुमचा. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात दारूबंदी झाली तेव्हा हेच भाषण तुम्ही सहा वर्षं, बंदी उठेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ केलंत. तेव्हा दारू नागपूरहून आणि यवतमाळहून यायची. शिकागोत पोलिसांना सापडणाऱ्या बंदुकांतल्या निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतून येतात, आणि त्यांत शेजारचं इंडियाना पहिल्या नंबरावर. तेही बंदूकवाले सांगतात, छाती फुगवून, जणू इंडियानाला तेच कंत्राट देऊन आलेत.

तिकडे लाल टीशर्टवाल्या बायांकडे बघून मला मोठी आई आठवली. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला दारूबंदीसाठी बायकांचा मोर्चा निघाला, त्यात ती चालली होती आणि तुम्ही घरी भात करपवत होतात. तिला इंग्रजी येत नाही, पण त्या सभागृहात तिला बसायला कुठली खुर्ची घ्यायची हे कोणी सांगावं लागलं नसतं.

ठराव आठ विरुद्ध एक मतांनी झाला. दुकानदार कोर्टात गेला. जानेवारी २०२३ मध्ये राज्यानेच तसला कायदा केला: अशा रायफलींची विक्री बंद, आधीपासून असतील त्यांची १ जानेवारी २०२४ च्या आत पोलिसांकडे नोंद करा. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये तातडीची स्थगिती नाकारली, आणि खटले काही संपायचं नाव घेत नाहीत, तेव्हा त्या बाबतीत तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल. नोंद करायला आले मूठभर. आज नोंद, उद्या जप्ती, असं त्यांचं म्हणणं. गंमत पुढेच आहे. इथे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, निवडून येतो. राज्यात १०२ काउंट्या; त्यांतल्या बहुतेक शेरीफांनी जाहीर करून टाकलं की या कायद्यासाठी आम्ही कोणाच्या घरात डोकावणार नाही. आमच्या ड्युपेज काउंटीचेही त्यात. जरा डोळ्यांपुढे आणा, आपले एसपी मतं मागत दारात आलेत आणि म्हणतायत, मालगुजारसाहेब, तिसरी बंदूक राहू द्या.

बंदुकीवरून गावागावांत खुन्नस ही इथली जुनी गोष्ट आहे. आमच्यापासून जवळच मॉर्टन ग्रोव्ह नावाचं गाव आहे, तिथे १९८१ मध्ये पिस्तूल बाळगायलाच बंदी घातली. ते ऐकून तिकडे जॉर्जियातल्या केनेसॉ गावाने १९८२ मध्ये उलटा ठराव केला की गावातल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक बाळगलीच पाहिजे! आत्याबाईंचा नातू त्याच बाजूला घर बघतोय. त्याच्या बायकोने त्याला सांगितलंय, कुटुंबप्रमुख कोण ते आधी ठरवू.

तुमची तक्रार मात्र मी शेजाऱ्यांपुढे जोरात मांडली, कारण ती खरी आहे. परवाना शेताच्या राखणीसाठी. आणि राखणीची वेळ आली की बंदूक ठाण्यात. गेल्या वर्षीचंच घ्या. लोकसभेला जमा केली, सोडवून आणली. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे लोंबी भरल्यापासून कापणीपर्यंत बंदूक ठाण्याच्या खोलीत सुतळीने चिठ्ठी बांधून उभी, आणि रानडुकरं तुमच्या बांधीत. त्यांना आचारसंहिता लागू नाही. परत मिळाली तेव्हा नळीला तांबूस गंज आणि एका नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर. ते काढायच्या आधी हवालदारासमोर पंचनामा करा म्हणून तुम्ही अडून बसलात, हे मोठ्या आईने सांगितलं. सूट मागायची सोय आहे, समितीपुढे अर्ज करता येतो, पण तुम्ही म्हणणार, त्या अर्जाला उत्तर येईस्तोवर डुकरांची नातवंडं जेवून जातील.

तिकडे वैनगंगेपलीकडे ऑक्टोबरात नक्षलवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत हत्यारं खाली ठेवली, खुद्द मुख्यमंत्री आले, त्यावरचा तुमचा शेरा इथे फार गाजला: "त्यानं एके फोर्टी सेव्हन देली तर मुख्यमंत्री, म्या दुनळी देली तर हवालदार, तोही पावतीवर सही कराले पेन माह्याच मागते." मला मात्र त्याहून त्या माडिया गावांतल्या लोकांचं जास्त वाटतं, ज्यांनी पोलिसांच्या आवाहनावरून पिढ्यान्‌पिढ्यांच्या बिनपरवाना भरमार बंदुका आणून दिल्या. तिथे कुठलं सुप्रीम कोर्ट, कुठली घंटी. उचलली, आणून ठेवली.

डुकरांचा विषय निघालाच आहे तर एक ऐका. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे लागोपाठ दोन ठिकाणी गोळीबार झाले आणि असल्या रायफली कशाला हव्यात यावर देशभर वाद पेटला. तेव्हा अर्कान्सासच्या एका गृहस्थाने विचारलं, माझी पोरं अंगणात खेळत असताना तीन ते पाच मिनिटांत तीस ते पन्नास रानडुकरं घुसतात, ती मी कशाने मारू? अख्खी अमेरिका त्याच्यावर खो खो हसली. आमच्या घरात कोणी हसलं नाही. मी म्हटलं, हा तर आपला सिंदेवाहीकडचा माणूस दिसतो! शिवाय आपल्या डुकरांची पोच जास्त. वनखात्याच्या परवानगीने चंद्रपुरात ५३ मारली, त्यावरून जून २०१६ मध्ये मेनका गांधी आपल्याच सरकारातल्या प्रकाश जावडेकरांवर भर उजेडात तुटून पडल्या होत्या. तेव्हा तुम्ही पेपर आपटून म्हणाला होतात, "५३ त माह्या येका बांधीत येतात."

पण आता एक तुम्हाला न आवडणारं. ४ जुलै २०२२ ला आमच्याच राज्यात हायलंड पार्कला स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक चालली होती, तिच्यावर एका पोराने छतावरून गोळ्या झाडल्या. सात माणसं गेली. त्या पोराकडे कार्ड होतं. एकवीस वर्षांखालचा होता म्हणून त्याच्या अर्जावर बापाने सही केली होती. कागद सगळे बरोबर होते! राज्याचा तो कायदा आला तो यानंतर. तुमच्या परवान्याच्या वेळी ठाण्याचा माणूस गावात आला होता, पारावर बसून चार जणांना विचारून गेला होता, माणूस कसा आहे, पितो का, भावाभावांत भांडणं आहेत का. तुम्हाला तो अपमान वाटला, तुम्ही त्याला चहाही दिला नाहीत. त्या पोराबद्दल पारावर कोणाला विचारलं असतं तर? घरचेच सांगत होते, पोलीस आधी त्या घरी येऊन सुरे घेऊन गेले होते. पण इथे पारच नाही.

आमच्या चिरंजीवांच्या शाळेत दरवर्षी सराव असतो. दिवे बंद, दाराला कडी, दारातून दिसणार नाही अशा भिंतीला चिकटून मुलांनी गप्प बसायचं. तो घरी येऊन सांगतो की अमुक मुलाला शिंक आली. तेव्हा माझी खुर्ची लाल टीशर्टवाल्यांतली, हे तुम्हाला कळवून ठेवते. शेजाऱ्यांनाही सांगितलंय. ते म्हणाले, ठीक आहे, आणि दुसऱ्या दिवशी बर्फ ढकलून गेले.

उन्हाळ्यात आम्ही येतो आहोत. शेजाऱ्यांनाही तुमच्याकडे यायचं आहे, आपली रायफल घेऊन, डुकरांच्या बंदोबस्ताला. त्यांना मी समजावलं की परदेशी माणसाला काय काय लागेल: वनखात्याची परवानगी, कलेक्टरची, ठाण्याची, आणि सातबारा नाही म्हणजे पहिल्याच टेबलावर गाडी अडणार. ते म्हणाले, हे सगळं बदलायला तुमच्याकडे क्रांती का होत नाही? आमच्या यांनी सांगितलं, झाली होती, अर्ज पेंडिंग आहे.

मोठ्या आईला म्हणावं, जवसाची चटणी डब्यात नको, पिशवीत दे. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची
बेबी

ता. क. शेजाऱ्यांनी एक विचारायला सांगितलंय. तुमच्याकडे एका वेळी नक्की किती डुकरं येतात? तीस ते पन्नास, की खरंच त्रेपन्न? वाढवून सांगू नका. त्यांनी क्लबात पैज लावली आहे आणि शपथेवर आकडा पाहिजे म्हणतात. तलाठ्याचा दाखला जोडलात तर उत्तम.