चांदीतला फ्लेक्स

आपल्याकडचे पुढारी उगाच फ्लेक्सवर खर्च करतात. एका वळवाच्या पावसात साहेबांसकट बांबू आडवा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने यावर १९२१ सालीच टिकाऊ तोडगा काढला होता.

अलाबामा १८१९ मध्ये राज्य झालं. शंभरी भरली १९१९ ला, स्मारक नाणं निघालं १९२१ ला. सरकारी काम म्हटल्यावर हे वेळेआधीच! नाणं अर्ध्या डॉलरचं, साडेबारा ग्रॅमचं, नव्वद टक्के चांदीचं. त्यावर दोन चेहरे. एक राज्याचे पहिले गव्हर्नर विल्यम बिब. ते ठीकच. दुसरे टॉमस किल्बी. यांची शंभर वर्षांतली कामगिरी कोणती? नाणं पाडलं तेव्हा खुर्चीत तेच होते. हयात माणूस अमेरिकी नाण्यावर झळकण्याची ही पहिलीच वेळ.

कायदा आडवा आला नाही का? नोटांवर जिवंत माणसाची छबी नको, असा कायदा १८६६ पासून होता. स्पेन्सर क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याने पाच सेंटच्या नोटेवर स्वतःचंच दाढीदार तोंड छापून घेतल्यावर तो करावा लागला. पण त्यात नाण्यांचा उल्लेख नव्हता. ही फट ज्याला सापडली, त्याला आपल्या मंत्रालयात कधीही नोकरी मिळाली असती.

आपल्या हिशेबात सांगायचं तर नाण्याची किंमत आठ आणे, विक्री रुपयाला. शिवाय काही हजार नाण्यांवर दोनाच्या दोन आकड्यांमध्ये फुली. अलाबामा बाविसावं राज्य, म्हणून. खरी गोम अशी की हौशी संग्राहकाने एक साधं घ्यावं आणि एक फुलीचं.

पुढे आर्कान्सॉने तर कमाल केली. राज्य झालं १८३६ मध्ये. शंभरीची नाणी १९३५ ते १९३९, दरवर्षी तीन-तीन टांकसाळींतून. पाच वर्षं चाललेली शंभरी! मध्येच त्यांनी आपल्या हयात सिनेटरचंही, जोसेफ रॉबिन्सन यांचं, नाणं काढवून घेतलं. अखेर १९३९ मध्ये काँग्रेसने (तिकडच्या; इकडच्यांनी दचकू नये) कायदा करून जुन्या मंजुऱ्यांवरचा हा धंदा बंद पाडला.

आयोवा राज्यानेही १९४६ च्या शंभरीला लाखभर नाणी काढली, पण त्यांतली हजार बाजूला ठेवली: पाचशे १९९६ साठी, पाचशे २०४६ साठी. त्या नाण्यावर जुन्या विधानभवनाची इमारत आहे. गव्हर्नर एकही नाही.