लागला का? : ॲम्बॅसिडरच्या ब्रेक लाइटचे रोगनिदान

ब्रेक लाइट हा मोटारीचा असा अवयव आहे, जो मालकाच्या डोळ्यांना चालत्या गाडीत कधीच दिसत नाही. घोरण्याप्रमाणे त्याचीही माहिती दुसऱ्याकडून आणि बहुधा चिडक्या आवाजात मिळते. सिग्नलला मागचा स्कूटरवाला शेजारी येऊन काचेवर टकटक करतो, तेव्हा बिघाडाची अधिकृत नोंद झाली असे समजावे.

ॲम्बॅसिडरचे घराणे विलायती. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्तान मोटर्सने ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना तिने बसवून नेले. जुन्या मॉडेलांतला ब्रेक लाइटचा मार्ग अगदी सरळ आहे. वीज बॅटरीतून किल्लीला, किल्लीतून फ्यूजला, तिथून ब्रेकच्या स्विचला, मग मागच्या दोन बल्बांना जाते आणि गाडीच्या पत्र्यातून परत येते. मार्ग इतका सरळ असल्यामुळेच ‘पूर्ण वायरिंग बदलावं लागेल’ हे निदान पहिल्या पाच मिनिटांत होते.

तपासणीची सुरुवात लक्षणापासून करावी. एकच लाइट बंद असेल तर दोष त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग यांत असतो. दोन्ही बंद असतील तर तो फ्यूज, स्विच किंवा मधल्या वायरीत शोधावा. दोन बल्ब ठरवून एकाच दिवशी सहसा जात नाहीत. फ्यूजची परीक्षा तो न काढताही होते. त्याच फ्यूजवर साधारणतः वायपर आणि इंडिकेटरही चालतात. किल्ली फिरवल्यावर ते चालले तर फ्यूज निर्दोष. तरीही तो काढून, उजेडात धरून, फुंकर मारून परत बसवण्याची प्रथा आहे. त्याने फ्यूजचे काही बिघडत नाही आणि बघणाऱ्यांचा विश्वास वाढतो.

मागचा बल्ब बारा व्होल्टचा आणि दोन तारांचा असतो. पाच वॅटची तार रात्रीच्या दिव्यासाठी, एकवीस वॅटची ब्रेकसाठी. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन खिळ्या वरखाली ठेवलेल्या असतात. ही योजना माणसाच्या बुद्धीवर भरवसा ठेवते, बळाचा विचार करत नाही. जोर लावून उलटा बसवलेला बल्ब रात्रभर ब्रेकच्या झगमगाटात चालतो आणि ब्रेक मारल्यावर त्याच्या उजेडात जेमतेम भर पडते. होल्डरमधली स्प्रिंग गंजून बसली असेल, तर पॉलिश पेपरने संपर्काची जागा घासावी.

सर्वांत फसवा रोग अर्थिंगचा. ब्रेक मारला की इंडिकेटर मंद उजळतो किंवा रात्रीचा दिवाच मिणमिणतो. परतीची वाट बंद झाल्यामुळे वीज शेजारच्या तारेतून पळवाट काढते. हा रोग हौसेने नवा रंग दिलेल्या गाड्यांना विशेष जडतो. दिव्याचा सांगाडा जिथे पत्र्याला टेकतो, तिथेही मालकाने प्रेमाने तीन हात मारून घेतलेले असतात. होल्डरपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत एक सुटी वायर लावून पाहावी. लाइट लागला, तर त्या बोल्टाखालचा रंग खरवडावा. मालकाला तेवढा वेळ चहाला पाठवलेले बरे.

आता स्विच. तो ब्रेक ऑइलच्या नळीला जोडलेला असतो. पेडल दाबले की ऑइलचा दाब आतल्या पडद्याला ढकलतो आणि दोन टोके जुळतात. किल्ली चालू ठेवून स्विचच्या दोन्ही वायरी काढाव्यात आणि एकमेकींना टेकवाव्यात. दोन्ही लाइट लागले, तर गुन्हेगार सापडला. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी आतली टोके काळवंडतात आणि स्विचला जास्त दाब लागू लागतो. म्हणूनच गॅरेजात, जिथे माणूस पेडलवर अक्षरशः उभा राहतो, तिथे लाइट हमखास लागतो; आणि गर्दीत, जिथे पाय हलकेच टेकवला जातो, तिथे लागत नाही. मालक खोटे बोलतो असे मेकॅनिकला वाटते, मेकॅनिकला काही कळत नाही असे मालकाला. दोघांचे निरीक्षण मात्र बरोबर असते.

याउलट स्विच आतून चिकटला तर लाइट सतत लागलेला राहतो. किल्ली काढताच तो विझतो, म्हणून उतरून मागे जाणाऱ्या मालकाला तो कधीच सापडत नाही. नवा स्विच बसवताना ऑइलची नळी उघडते आणि हवा आत शिरते. त्यामुळे नंतर ब्रेकची हवा काढणे आवश्यक असते. हे टाळल्यास लाइट उत्तम लागतो, गाडी मात्र थांबत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत हाताची खूण हा जुना उपाय. १९८९ च्या वाहतूक नियमावलीनुसार वेग कमी करताना उजवा हात बाहेर काढून, तळवा खाली ठेवून, वरखाली हलवायचा असे. आज असा हात दिसला की मागचा चालक ती पुढे जाण्याची परवानगी समजतो.

शेवटची चाचणी संध्याकाळी, भिंतीकडे पाठ करून गाडी लावून घ्यावी. लाल उजेड आरशात दिसतो आणि साक्षीदाराची गरज उरत नाही. पेडल आधी हलके, मग मध्यम, मग जोरात दाबावे. हेच रात्रीचे दिवे लावून पुन्हा करावे. भिंत नसेल तर मागे माणूस उभा करावा, आणि त्याने ‘लागला!’ असे ओरडून सांगितल्यावर ‘कुठल्या बाजूचा?’ हे न विसरता विचारावे.