भाच्याची आरएस

अहो वहिनी, या पेरूच्या बाजूने या, तिकडे चिखल झालाय. ऐकलंत का, आमच्या निफाडच्या भाच्याने काय काढलंय ते? यंदा द्राक्षाचे चार पैसे हातात आले. मला वाटलं, बागेवर प्लास्टिक चढवील, बोअर घेईल. छे! त्याला स्पोर्ट्स कार हवीय.

तशी जमिनीला टेकलेली, दोन दारांची नाही हो. दिसायला साधीसुधी, मागे डिकीसुद्धा भलीमोठी. ऑक्टाव्हिया आरएस. पण बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि २३० घोडे. २०१७ ला निघाली तेव्हा शोरूमला पंचवीस लाखांच्या आत होती. २०२० ला पुढची आली ती छत्तीस लाखांना, देशभरात मिळून २००. आणि २०२५ ला आली ती पन्नास लाखांना, त्याही शंभरच, बुकिंगमध्येच संपल्या. नवी एवढी महागल्यावर जुनीवाला कशाला खाली उतरतोय? एजंट बावीस लाख सांगतोय बावीस! शोरूममधून निघाली त्याच्या जवळपासच की.

नवीच का नाही घेत म्हणता? एक तर मिळत नाही, आणि मिळाली तरी ती परदेशातून तयार होऊन येते. पन्नास लाखांत सरकारची जकात आधीच बसलेली असते. वर महाराष्ट्रात आयात गाडीला आरटीओचा कर २० टक्के. म्हणजे पेठ रोडच्या आरटीओत जाऊन नुसते दहा लाख भरून यायचे, विमा वेगळाच. घोडे कोणाचे आणि चंदी कोण खातंय!

अहो, सचिनला तर परदेशी गाडी फुकट मिळाली होती ना! ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फियाटने फेरारी दिली, चावी द्यायला साक्षात शूमाकर. भेट ती भेट, पण भारतात आणायची तर जकात १२० टक्के, एक कोटी तेरा लाखांच्या घरात. सरकारने माफ केली, तर केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी पैसे फियाटने भरले. आणि २०११ ला त्याने ती विकलीसुद्धा, सुरतच्या कोणा व्यावसायिकाला. जुन्या बाजारात गेलीच की नाही? फेरारी असली म्हणून काय झालं!

म्हणून मी भाच्याला म्हटलं, जुनी घे, पण बावीसला नाही. तर म्हणतो, मावशी, दिल्लीची एक सोळाला मिळतेय. मी म्हटलं, थांब. तिकडे पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली की बंदीची भीती, त्यामुळे तिकडचा माणूस आधीपासूनच स्वस्तात काढायला बसलेला. तिकडच्या आरटीओची एनओसी आण, इथे एमएच १५ चा नंबर लावून घे, आपला कर परत भर, आणि तिकडे भरलेल्यातला उरलेला परत मिळवायला अर्ज करत बस. सोळाची गाडी दारात येईपर्यंत कुठे जाते बघ.

मी विम्याच्या ऑफिसात नोकरी केलेली, माझ्यापुढे कुणी रंगाची चमक दाखवू नये. पहिल्यांदा पॉलिसी मागायची. नो क्लेम बोनस किती लिहिलाय? पन्नास टक्के असेल तर मालकाने पाच वर्षं क्लेम केलेला नाही. शून्य असेल तर विचारायचं, बाबा, काय झालं होतं? आणि तो बोनस मालकाबरोबर जातो हो, गाडीबरोबर येत नाही. एजंट मात्र तो धरून हिशेब सांगतात. मग टायर. त्यावर चार आकडे असतात, ३४१८ म्हणजे २०१८ सालचा चौतिसावा आठवडा. एवढे जुने टायर निघाले तर चारही नवे, ते पैसे आधी किमतीतून काढायचे. आणि गिअरबॉक्सचं तेल साठ हजार किलोमीटरला बदललंय का, त्याचं बिल. बिल म्हणजे बिल, ‘बदललंय हो ताई’ नाही चालत.

त्या दिवशी हा ती बावीसवाली बघायला गेला, सोबत मी. एजंट नुसता आवाज ऐकवत होता इंजिनाचा, भूंऽऽ भूंऽऽ! भाचा डोळे मिटून ऐकतोय, जणू भीमसेन जोशी लागलेत. मी आपली आरसी वाचत बसले, तर त्यावर बँकेचा बोजा तसाच. कर्ज फिटलं म्हणे, फक्त उतरवायचं राहिलं. मी म्हटलं, फिटलं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आण, त्याशिवाय टोकन नाही. आणि भाव एकोणीस. माणूस एकदम चहा विचारायचा थांबला.

आता तुम्हीच सांगा, एवढं करून ती पळवणार कुठे? समृद्धीवर १२० ची मर्यादा, आणि गंगापूर रोडला संध्याकाळी तुमची स्कूटी तिच्या पुढे जाईल. पण हौसेला मोल नाही म्हणतो. म्हटलं, हौसेला नसेल, गाडीला आहे.

काल रात्री एजंटाचा फोन आला. साडेएकोणीसला देतो, म्हणाला. मी म्हटलं, बँकेचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, मग बोलू. तेव्हापासून गप्प आहे. भाचा मात्र सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतोय, मावशी, तुझं नेट चालू आहे ना?