हाय टेन्शन

पुण्यात इंजिनिअर नसलेल्या माणसाला गॅरेजमध्ये फार जपून बोलावं लागतं. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. तीन फ्लॅटांत इंजिनिअर राहतात, चौथ्यात मी, इतिहासाचा बी.ए. म्हणूनच पुढच्या डाव्या चाकातून खडखड यायला लागली आणि मिस्त्री म्हणाला, "लोअर आर्मचे बुश गेलेत काका," तेव्हा मी "असं होय" म्हटलं नाही. मी विचारलं, "बोल्ट कुठल्या ग्रेडचे टाकणार?"

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेसाठी मी कित्येक रात्री जागून वाचन केलेलं आहे.

"हाय टेन्शन टाकू की. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

हाय टेन्साइल, असं सुधारायचं जिभेवर आलं होतं, ते गिळलं. जुना बोल्ट गंजून बुशाच्या आतल्या नळीला असा चिकटला होता की कापूनच काढावा लागला. नाना पेठेत नवा लोअर आर्म मिळाला, पण कंपनीच्या बोल्टसाठी "ऑर्डर द्यावी लागंल" असं उत्तर आलं. मग मिस्त्री मला म्हणाला, "बोहरी आळीत जाऊन येता का?" येता का म्हणजे काय! मुंज ठरल्यासारखा आनंद झाला मला.

बोल्टाच्या डोक्यावर आकडे असतात, हे बहुतेक लोक वाचत नाहीत. 8.8 म्हणजे पहिल्या आठाला शंभरानं गुणा: 800 मेगापास्कल ताणाला तो तुटणार. पुढचा .8 सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे 640 ला, तो कायमचा लांबायला लागणार. बारा मिलिमीटरचा असा एक बोल्ट जवळजवळ पावणेसात टनांना तुटतो. माझ्या गाडीसारख्या सात गाड्या त्याला टांगा. इंचातल्या बोल्टांवर आकडे नसतात, रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच, सहा रेघा म्हणजे ग्रेड आठ. हे कळल्यापासून माझं सामाजिक आयुष्य बिघडलं. लग्नाला गेलो की नवरा-नवरीकडे नंतर बघतो, आधी स्टेजच्या सांध्यांत डोकावतो. एस.टी.त खिडकी मिळाली तरी नजर सीटच्या पायाशी. गेल्या जत्रेत आकाशपाळण्याखाली उभा राहून मी मोबाइलच्या उजेडात एकेक डोकं वाचलं. दोनांवर काहीच नव्हतं, एकावर रंगाचा थर होता. "यात बसणं योग्य नाही," असं मी भाचीला समजावून सांगत होतो, तोवर ती मामीला घेऊन वरून हात हलवायला लागली होती. पाळणा फिरला, थांबला, दोघी सुखरूप उतरल्या. मी भेळ खाल्ली. "मामा घाबरला," हे विधान भाचीनं पुढे घरोघर नेलं. बिनखुणेच्या बोल्टाबद्दल माझं मत आजही तेच आहे.

बोहरी आळीतल्या दुकानदारानं मात्र माझी परीक्षाच घेतली. "बारा एम.एम.? आटे कुठले, सव्वाचे की पावणेदोनचे?" साध्या बारा मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे 1.75 च्या अंतरानं असतात, आमच्या जपानी वळणाच्या गाडीत बारीक, 1.25 चे. चुकीचा बोल्ट एखाद-दुसरा फेरा जातो, मग अडकतो, आणि मग कुणीतरी जोर लावून आट्यांचं वाटोळं करतो. मी जुन्या बोल्टाचा तुकडाच पुढे केला. लांबी बघतानाही एक गोष्ट पाहायची: ब्रॅकेटच्या पत्र्यात बोल्टाचा गुळगुळीत भाग यायला हवा, आटे नव्हे. धक्के तिथंच बसतात.

स्टेनलेसचा एक बोल्ट काउंटरवर चमकत होता. मोह झाला, पण दुकानात सर्रास मिळणारा स्टेनलेस 700 ला तुटतो, म्हणजे 8.8 पेक्षाही कच्चा. मग दुसरा मोह 12.9 चा, मोठा आकडा म्हणजे मोठी अक्कल असं मलाही वाटतं. पण इतक्या कडक पोलादावर विजेनं जस्त चढवलं की त्यात हायड्रोजन शिरू शकतो, आणि एखाद्या दिवशी बोल्ट काही न सांगता मोडतो. जुन्याच्या डोक्यावर 10.9 होतं. 10.9 घेतला. सोबत नवा नायलॉक नट, कारण आतली प्लॅस्टिकची कडी एकदा ओरबाडली गेली की तिची पकड पहिल्यासारखी राहत नाही.

ही खरेदी मिरवत गॅरेजमध्ये आलो, तर आधी दिसले पाय. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, गाडीखाली निजला होता. चप्पल बाहेर काढून ठेवलेली. गाडी एका जॅकवर, शेजारी आधाराला एक वीट.

"स्टँड कुठायत?"

"दुसऱ्या गाडीला लावलेत." दुसरी गाडी गॅरेजमध्ये नव्हती.

हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं की गाडी खाली बसते. वीट वाकत नाही, फुटते. सात गाड्या टांगता येतील असा बोल्ट मी पेठेपेठेतून शोधत होतो, आणि इकडे आख्खी गाडी या पोराच्या छातीवर तोललेली. माझा आवाज चढला. त्यात इंजिनिअर वगैरे कुणी नव्हता. "रोजचंच आहे काका, काही होत नाही," असं गाडीखालून उत्तर आलं, तेही त्या पोराकडूनच. मिस्त्री काही बोलला नाही. शेवटी शेजारच्या गॅरेजमधून स्टँड आले. तोवर पोरगा बाहेर बसून माझ्याकडे, गिऱ्हाइकानं उगाच खोळंबा केला, अशा नजरेनं बघत राहिला.

त्यानं नवा बोल्ट प्रेमानं ऑइलमध्ये बुडवला होता. तो मी पुसायला लावला. आवळताना लावलेल्या जोरातला साधारण नऊ दशांश घर्षण खातं, बोल्ट ताणायला एक दशांश उरतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी होता. आर्मचा बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचा आवळायचा, नाहीतर बुशातलं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं, हेही मी सांगणार होतो. पण मिस्त्रीनं आधीच गाडी खाली घेतली. त्याला ते माहीत होतं याचं मला थोडं वाईट वाटलं.

मग त्यानं हँडलला पाऊण मीटरचा पाईप लावला. त्यावर सत्तर किलोचा माणूस लोंबकळला तर पाचशे न्यूटन-मीटरच्या वर जातं. मी पिशवीतून टॉर्क पाना काढला. लोकांच्या शोकेसमध्ये मुलांच्या ट्रॉफ्या असतात, आमच्याकडे हा असतो. मिस्त्रीनं तोवर पाईपनं आवळून घेतलं होतं. मी पाना लावला. लगेच टक्!

"बघा, बरोबर आलं," मिस्त्री म्हणाला.

त्या टक्चा अर्थ एवढाच की आवळण्याचा जोर आकड्यापेक्षा कमी नाही. जास्त किती आहे ते कळत नाही. मी पुन्हा ढिला करायला लावला आणि पहिल्यापासून पान्यानं आवळला. मिस्त्रीनं हे सगळं ज्या शांतपणानं सोसलं, ते बघून घरची आठवण झाली.

खडखड थांबली. परत येताना मी दोन स्टँड विकत घेतले. सोसायटीत कुणाची गाडी वर उचलायची असेल किंवा तुमच्या मिस्त्रीकडे फक्त वीट असेल, तर बेल वाजवून खुशाल घेऊन जा, परत आणायची घाई नाही. टॉर्क पाना मात्र मागू नये.